पोट मोनालीचं, निकाल सगळ्या घराचा

माझ्या लेकीची गर्भाची पिशवी काढायची की ठेवायची, हे ठरवायला तिच्या सासरी बैठक बसली होती. उमरखेडच्या पलीकडचं गाव. सतरंजी टाकली होती. जावयाचे काका होते, मामा होते. शेजारचे एक रिटायर मास्तर होते, ते कशाला होते हे मला आजपर्यंत समजलं नाही. विहीणबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी होतो. जिची पिशवी, ती तेवढी नव्हती. ती आत आमच्यासाठी चहा करत होती. तिला उभं राहवत नव्हतं. एक हात ओट्यावर आणि एक हात पोटावर, असा चहा चालला होता.

ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी चौथी शिकलेला माणूस. दिग्रसला जिनिंगमध्ये फिटर होतो, उमर त्या कापसाच्या धुळीत गेली. लिहायची सवय नाही. घरवाली म्हणाली, "बापानं लेकीचं असलं काही लिहू नाही. लोकं थुंकतीन तोंडावर." मी म्हणालो, थुंकू दे. लोकांनी काय केलं ते लिहून राह्यलो मी. तरी मोनालीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा बाबा. पण मले बिचारी करू नोका." तर बिचारी करणार नाही. ती माझ्याहून खट आहे.

सगळ्यांजवळ उत्तर होतं

आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. हे मला नीट म्हणता यायला लई दिवस लागले, आणि इथं लिहिलं ते मोनालीनं कागदावर काढून दिलं ते पाहून. पिशवीच्या आत जे अस्तर असते, तसलंच काही पिशवीच्या बाहेर जागोजागी उगवते. दर महिन्याला तिथंही रक्त सुटते, पण त्याला निघायला वाट नसते. मग ते आतच साचते, चिकटते, आतले अवयव एकमेकांना धरून बसतात. डॉक्टर याहून चांगलं सांगतील. मला एवढं समजलं आणि एवढं पुरलं.

तिला हे शाळेपासून. तिची आई वीट तापवून फडक्यात गुंडाळून पोटावर ठेवायची, ओव्याचं पाणी पाजायची. मी जिनवरून घरी आलो की पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. काय झालं विचारलं की आई म्हणे, "तुमाले नाही सांगाचं थे." ही रीत. बापाला नाही सांगायचं, भावाला नाही सांगायचं, मास्तराला नाही सांगायचं. पोरगी फरशीवर लोळते, दात आवळते, आणि घरातले सारे बाप्ये बाहेर अंगणात गारा कधी पडल्या ते बोलत बसतात.

उत्तर मात्र सगळ्यांजवळ होतं. "लग्न झालं का जाते." लग्न झालं, नाही गेलं. "एक लेकरू झालं का जाते." लेकरू होईना. आता ज्या बिमारीनं लेकरू होत नाही, त्या बिमारीला औषध म्हणून लेकरूच सांगायचं! हे कोणाचं डोकं असेल? आमच्या जिनमध्ये असा फिटर असता तर मालकानं दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. पण बायांच्या पोटाबद्दल कोणीही काहीही बोलावं, त्याला कोणी घरी बसवत नाही.

चॉकलेट

मोनाली सासरच्या गावातल्या कॉन्व्हेंटात पोट्ट्यांना मराठी आणि गणित शिकवते. एक दिवस प्रार्थना सुरू असताना ती उभ्याची खाली बसली आणि मग आडवीच झाली. नितीननं, म्हणजे माझ्या जावयानं, तिला मोटरसायकलवर मागं बसवून तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं. रस्त्याचे गड्डे, पोटात तसं दुखणं, आणि मोटरसायकल. हे ऐकून मी फोनवरच त्याला दोन शब्द सुनावले. मग दिग्रसहून पुसद, पुसदहून पुढची गाडी, असा दुपारपर्यंत पोचलो.

सोनोग्राफी झाली होती. डॉक्टर टेबलाच्या त्या बाजूनं नितीनला सांगत होता, "दोन्ही बाजूला चॉकलेट सिस्ट आहेत. त्रास होतच राहणार. पिशवी आणि अंडाशय काढून टाका, मोकळे व्हा."

मी विचारलं, "चॉकलेट म्हणजे काय जी?"

"जुनं रक्त साचून चॉकलेटसारखं होतं, आजोबा. तसं नावच आहे त्याचं."

पोरीच्या पोटात काळं रक्त साचलं आणि त्याला नाव लेकराच्या खाऊचं. ज्यानं ठेवलं त्याच्या पोटात कधी दुखलं नसेल.

"साहेब, तिचं वय सत्तावीस आहे," मी म्हणालो.

"मी यापेक्षा लहान बायांच्याही काढल्या आहेत." हे त्यानं असं सांगितलं जसं मी माझ्या हातानं बसवलेले रोलर सांगतो.

मोनाली तिथंच होती. कोपऱ्यातल्या उंच खाटेवर पाय सोडून बसली होती. तिनं विचारलं, "सर, पिशवी काढली तं दुखणं जाईन का? नक्की?"

डॉक्टरनं फाईल मिटली आणि नितीनला म्हणाला, "घरी चर्चा करून घ्या आणि सांगा."

सगळ्या खोलीत कामाचा प्रश्न तिनं एकटीनं विचारला होता. त्याचं उत्तर तिला तिथं मिळालं नाही. आपण खाटेवर बसवलेली वस्तू आहो, वस्तूला कोण उत्तर देते, असं तिला तेव्हा वाटलं. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

बैठक

मग ती बैठक. काकाजी म्हणाले, "काढली तं वंशाचं काय? आन नाही काढली तं दर महिन्याचं रडगाणं. दोन्हीकडून घाटा आपलाच आहे."

आपलाच. तो शब्द मी कानानं ऐकला.

विहीणबाई चौकटीतून म्हणाल्या, "माही तं केव्हाचीच काढली. मंग कापूस वेचाले गेली मी. अशी निजून नाही राह्यली." मग माझ्याकडं, व्याह्याकडं, पाहून म्हणाल्या, "एक सांगू का इवाई, राग नोका मानू. महालक्ष्म्यांच्या सणात हिले कधी दुखत नाही. पुरण वाटते, सोळा भाज्या चिरते, दिवसभर चुलीपाशी उभी. आन सण सरला का सुरू. आता याले दुखणं म्हणाव का नखरा?"

रिटायर मास्तर हसले. नितीन सतरंजीचा धागा उपटत होता. एवढा मोठा खत-बियाण्याचा दुकानदार, गिऱ्हाईकाला एका शब्दात पटवणारा माणूस, तो धागाच उपटत राहिला.

तेवढ्यात मोनाली ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवला आणि सरळ झाली.

मी म्हणालो, "मोना, बॅग भर."

काकाजी म्हणाले, "असं उठून जाता का जी? निर्णय तं होऊ द्या."

"तुमच्या पोटाचा असन तं करा."

"या वयात इतकं गरम डोकं बरं नाही, इवाई."

"तरुणपणीबी असंच होतं. तुमी पाह्याले नव्हते."

चहा तसाच राहिला. बॅग मी घेतली. फाट्यावर येईपर्यंत मला वाटत होतं नितीन मागून येईल. नाही आला.

पुसदच्या पुढं गाडीत गर्दी होती. मोनाली वाकून बसली होती. कंडक्टर बाई होती, तिकीट देता देता तिनं एकदा मोनालीच्या तोंडाकडं पाहिलं. काही विचारलं नाही. स्वतःच्या सीटवरचं स्वेटर आणलं, घडी करून तिच्या कंबरेमागं घातलं आणि कानाजवळ म्हणाली, "मलेबी होते ताई. झटके बसले का पाय वर घ्या." एवढंच. सगळ्या बैठकीत जे कोणाला सुचलं नाही, ते तिला तिकिटं फाडता फाडता सुचलं.

दुसरा शहाणा

यवतमाळला आधी एका मोठ्या, जुन्या डॉक्टरकडं गेलो. त्याचं नाव फार. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मिस्टर कुठं आहेत?"

"दुकानात आहेत," मोनाली म्हणाली.

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. आणि पिशवी काढायचं मनातही आणू नका. मूल नाही अजून. आधी बाळाचं पाहा, बाकी आपोआप होईल."

"पण सर, दुखणं..."

"बाईच्या जातीला थोडं सहन करावंच लागतं, बेटा."

मी उठलोच. मोनालीनं माझी बाही धरली म्हणून गोष्ट तिथंच थांबली. पहिल्याला पिशवी काढायची होती, याला ठेवायची होती. दोघांनाही तिला विचारायचं नव्हतं. एकाला विषय संपवायचा होता, दुसऱ्याला पाळणा हलवायचा होता. दुखणं कोणाच्याच यादीत नाही. जिन्यावर मोनाली म्हणाली, "बेटा म्हणतलं ना, बस. तेवढ्यासाठी आलतो आपण." आणि हसली. तिचं ते हसणं मला रडण्याहून वाईट वाटलं.

गोळी

तिच्या शाळेतल्या एका बाईनं तिसरं नाव सांगितलं, यवतमाळचंच. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. वेटिंगच्या हॉलात सगळ्या बायाच बाया, आणि मी एकटा धोतर-टोपीवाला. समोर एक लमाण म्हातारी सुनेला घेऊन बसली होती. ती माझ्याकडं बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, "काय बुढ्या, तुह्यंबी पोट दुखते काय?"

सगळा हॉल हसला.

"नाही बाई, डोकं दुखते."

"मंग खालच्या मजल्यावर जाय. इथं डोकं पाहत नाही."

हसता हसता तिनं सुनेला सरकवलं आणि मोनालीला म्हणाली, "निज पोरी, नंबर आला का उठवतो तुले." आणि तिचे पाय आपल्या घागऱ्यावर घेतले. त्या म्हातारीला मी ओळखत नाही. तिचं भलं होवो.

आत गेलो. मी सांगायला सुरुवात केली, "मॅडम, मी जिनमध्ये फिटर होतो. रोलर तापला म्हणून आमी अख्खी जिन भंगारात नाही टाकत. आधी पाह्यतो..."

"बाबा," मोनाली म्हणाली, "मी मशीन नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमचं ऐकते मी. आधी मला यांच्याकडून ऐकू द्या." मी तोंड बंद केलं. आवडलं नाही, पण केलं.

त्यांनी तिला बोलू दिलं. घाई नाही, फाईल नाही. कधी सुरू होते, कसं दुखते, संडासला जाताना दुखते का, नवऱ्याजवळ जाताना दुखते का. या प्रश्नाला मी खिडकीबाहेर पाहिलं. माझी तेवढीच हिंमत. मग त्यांनी विचारलं, "असे कोणते दिवस आठवतात का, जेव्हा दुखायला पाहिजे होतं आणि दुखलं नाही?"

"महालक्ष्म्यांत," मोनाली म्हणाली. "दर वर्षी. सासूबाई म्हणतात, देवीची कृपा."

"त्या दिवसांत काही घेत होतात?"

मोनालीनं बोटांवर दिवस मोजले. मग सावकाश म्हणाली, "पाळी पुढं ढकलायची गोळी. घरात सोवळं असते ना. सणात कोणी बाजूला बसू नये म्हणून सासूबाई आधीपासूनच मेडिकलमधून आणून देतात. नणंदेच्या लग्नातबी दिली होती. तेव्हा जास्त दिवस."

"आणि लग्नातही दुखलं नाही."

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. त्या म्हणाल्या, त्याच जातीची औषधं या आजारात देतात. किती, किती दिवस, कोणाला चालते आणि कोणाला नाही, हे तपासून ठरवायचं असते, मेडिकलमधून आपल्या मनानं आणून खायचं नसते. पण तिला त्या दिवसांत आराम पडत होता तो खरा होता. बाकीच्या दिवसांतलं दुखणंही खरं होतं.

मला काय झालं ते मी कसं सांगू? ज्या घरात माझ्या लेकीला नखरेल म्हटलं, त्याच घरात तिच्या आरामाची गोळी दर वर्षी येत होती. देवीचा सण बाटू नये म्हणून येत होती, तिला दुखू नये म्हणून नाही. आराम पडला तो देवीच्या नावावर गेला. उरलेल्या वर्षभराचं दुखणं हिच्या नखऱ्याच्या नावावर. आणि तोच पुरावा म्हणून माझ्यासमोर भर बैठकीत मांडला! डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं.

मग त्यांनी तिला रस्ते सांगितले, चित्र काढून. एक, औषधं घ्यायची आणि पाहायचं. दोन, दुर्बिणीनं बारीक छेद देऊन गाठी काढायच्या, चिकटलेलं सोडवायचं, पिशवी-अंडाशय ठेवायचे. पुन्हा होऊ शकते, हे त्यांनी लपवलं नाही. तीन, पिशवी काढायची. मग मूल पोटी नाही. सोबत अंडाशयही काढले तर या वयातच पाळी गेल्यासारखं होते. अंगात गरम वाफा, हाडं कमजोर, त्याचीही औषधं घ्यावी लागतात. आणि एवढं करून, "हा आजार पिशवीच्या बाहेर पसरलेला असतो. बाहेरचं नीट काढलं नाही, तर पिशवी जाऊनही दुखणं राहू शकतं. काही बायांना खूप आराम पडतो, हेही तितकंच खरं आहे."

पहिल्या दवाखान्यात तिनं विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. देणारी बाई भेटायला किती जिने चढावे लागले!

घरातली लढाई

दिग्रसला आलो आणि मी निकाल लावून टाकला. दुर्बीण करू, पिशवी ठेवू. घरवालीला सांगितलं, मोठ्या पोराला फोनवर सांगितलं, शेजारच्या दुकानदाराला काही न सांगता एवढं सांगितलं की सगळं ठीक होणार आहे.

मोनाली दारापुढच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. म्हणाली, "बाबा, तुमी कोणाले इचारून सांगतलं?"

"इचाराचं काय त्यात? डॉक्टरीणबाईनं तं..."

"त्यायनं तीन रस्ते सांगतले. तुमाले एकच आयकू आला." सूप तिनं बाजूला ठेवलं. "मले कधी कधी वाटते, काढूनच टाकाव. सगळं. एकदाचं. सकाळी उठाव आन पोटाची आठवणच येऊ नाही. पोट्टे शिकवतांनी खुर्चीची दांडी धरावी नाही लागली पायजे. तुमी सारे पिशवी वाचवून राह्यले. कोणाले नातू पायजे, कोणाले वंश पायजे, कोणाले इज्जत पायजे. मले काय पायजे?"

"मले नातू नाही पायजे," मी म्हणालो. "मले तू धडधाकट पायजे."

"मंग थेच तं म्हणून राह्यली. तुमाले, तुमाले. तुमी त्या सतरंजीवरून उठले खरे, पण सतरंजी घरी घेऊन आले."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आजही थोडा आहे. ज्या बापानं भरल्या बैठकीतून उठवून आणलं, त्याला असं बोलते! मी जेवलो नाही. घरवाली म्हणाली, "जेवा मुकाट्यानं. पोरगी तुमच्यावरच गेली, मंग आता कायले फुगता?" मी तिच्याशीही बोललो नाही. पण तूर निवडायला जाऊन बसलो. दोघंही बोलत नव्हतो, तूर मात्र साफ झाली.

मग एक दिवस नितीन आला. दारातच उभा. मी बस म्हणालो नाही. तो सरळ तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मले त्या दिवशी बोलता नाही आलं."

"आजबी कुठं येऊन राह्यलं," मोनाली म्हणाली.

तो म्हणाला, "मूल झालं तं झालं. नाही झालं तं नाही. तुले काय कराचं थे सांग, मी दुकान बंद करून येतो."

"आईले सांगतलं हे?"

"सांगतलं. जेवण बंद आहे घरी."

मोनाली हसली. "इकडंबी बंदच आहे," म्हणाली, आणि माझ्याकडं पाहिलं. मी त्याला बस म्हणालो.

दवाखान्यात

तिनं काय ठरवलं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. भरती होताना थेट डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मी आणि नितीन भिंतीला लागून उभे.

"गाठी काढा. चिकटलेलं सोडवा. पिशवी आन अंडाशय ठेवा. मंग औषध घेऊन पाह्यतो. पण मॅडम, उद्या मी परत आली आन म्हणलं काढा, तं मले कोणी म्हणू नाही की घरच्यांना घेऊन या."

"तुम्ही सज्ञान आहात. सही तुमचीच लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी समजावून सांगणं माझं काम."

तिथली एक नर्स तरी म्हणालीच, "मिस्टरांची सही घेऊन ठेवू ना, नंतर भांडणं होतात." मी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं कागद परत नेला. मोनालीनं स्वतः सही केली. मोठी, वळणदार, फळ्यावर करतात तशी.

ती आत असताना मला काय वाटलं ते लिहिणार नाही. नितीन आणि मी एका बाकावर बसलो. त्यानं दोनदा चहा आणला, दोनदा थंड झाला. तेवढ्यात काकाजींचा फोन, "काढली का?" नितीननं फोन माझ्याकडं न देता स्वतःच उत्तर दिलं, "काकाजी, तिची तब्येत कशी आहे असं इचारा, मंग सांगतो." तिथून तो माझा जावई झाला, असं मी समजतो.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. डब्यात मुगाची पातळ खिचडी. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "इवाई, काढली का ठेवली?"

"आत जागी आहे. तिलेच इचारा."

त्या आत गेल्या आणि फार वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दाराकडं कान लावला नाही. लावावासा वाटला. मोनालीनं मग सांगितलं. विहीणबाईंची पिशवी काढली तेव्हा त्या तिशीतल्या होत्या. सासऱ्यानं आणि नवऱ्यानं ठरवलं. अंडाशयही काढले, हे त्यांना कळलं ते टाके काढायला गेल्यावर, नर्सच्या तोंडून. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, गुडघे धरतात, आणि त्याच गुडघ्यांनी त्या कापूस वेचायला गेल्या होत्या. "मले कोणं इचारलं होतं माय?" असं म्हणाल्या आणि खिचडी भरवत बसल्या.

नखरा शब्द मी त्यांना माफ केलेला नाही, करणारही नाही. पण त्यांच्या वाटचाही राग मला आला. तो कोणावर काढायचा? ठरवणारे दोघंही मरून गेले. मरेपर्यंत आपण घरचं भलंच केलं असं समजून गेले.

सध्या

मोनाली पुन्हा शाळेत जाते. गोळ्या सुरू आहेत. दुखणं कमी आहे, गेलं नाही. गोळ्यांनी तिला चिडचिड होते, अंग फुगते, हेही लिहा म्हणाली. यंदा महालक्ष्म्यांत तिनं आधीच सांगून टाकलं, गोळी आता सणासाठी नाही, माझ्यासाठी आहे. भाज्या नितीननं चिरल्या. जाड चिरल्या, असं विहीणबाईंचं म्हणणं.

मला बाजारात लोक अजून विचारतात. "पोरीचं काय झालं?" म्हणजे मूल होणार का, असं. मी म्हणतो, ती शाळेत जाते, तिथं जाऊन तिला विचारा. मग कोणी जात नाही.

मागच्या आठवड्यात ती दिग्रसला आली होती. आदल्या दिवशी जोरात दुखलं होतं, मधूनच असं येते. ओट्यावर बसून म्हणाली, "बाबा, काढून टाकाचा इचार पक्का होत चालला माहा. यवतमाळले जाऊन परत बोलून येतो."

माझ्याजवळ बोलायला भाषणच तयार होतं. वय काय, पुढं काय, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं. जीभ टाळूला लावून धरली. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड जाते ते माझ्या घरवालीला विचारा.

मोनाली माझ्याकडं पाहत राहिली. "काहून गप्प? बरं नाही का तुमाले?"

"तुनं काही इचारलं नाही मले."

ती इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. डोळे पुसले. मग म्हणाली, "मंग आता इचारून राह्यली. काय वाटते तुमाले?"

मी सांगितलं. मला वाटते ठेव, अजून थोडं थांब, मला भीती वाटते. सगळं सांगितलं. तिनं मधे एक शब्द टाकला नाही. माझं संपल्यावर तिनं पाय वर घेतले, मागं उशी लावली, आणि म्हणाली, "बरं. आता माहं आयका."